एकाच दुकानात मिळणारा गेम

दिवाळीच्या सुट्टीत मी बंगळूरला दादाकडे गेलो होतो. दादा माझा चुलतभाऊ. तो इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे आणि नीलाद्री रोडजवळच्या एका फ्लॅटमध्ये मित्राबरोबर राहतो. हा मित्र निपाणीचा. तिथे सगळे त्याला अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूर, तिथून मेट्रोने आर. व्ही. रोड आणि पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये नव्याने सुरू झालेल्या पिवळ्या मार्गाने थेट इलेक्ट्रॉनिक सिटी, असा माझा प्रवास झाला.

पहिल्याच रात्री जेवताना दोघांत जोराचा वाद सुरू झाला. मला वाटले, भाड्यावरून किंवा भांडी घासण्यावरून असेल. तसे नव्हते. अण्णा नोकरी सांभाळून दोन मित्रांसोबत गेली दोन वर्षे कॉम्प्युटरवरचा एक छोटा गेम तयार करतो आहे. त्या आठवड्यात त्याला गेम विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाकडून प्रस्ताव आला होता. गेम एक वर्षभर फक्त आमच्याच दुकानात विका, त्या बदल्यात विक्री होवो न होवो, ठरावीक रकमेची हमी आम्ही देतो, असा तो प्रस्ताव होता.

दादा म्हणाला, "हे पैसे घेतलेस तर तू खेळणाऱ्यांना फसवलेस."

अण्णा म्हणाला, "दोन वर्षांत एक रुपया हातात आलेला नाही. तुझ्या तत्त्वांवर माझे भाडे भागत नाही."

मी आणखी एक चपाती वाढून घेतली आणि गप्प बसलो. खरे सांगायचे तर कोण बरोबर हे मला कळत नव्हते. पुढचे दहा दिवस मी दोघांनाही प्रश्न विचारून भंडावून सोडले. सुट्टी संपवून शाळेत परतलो, तर आमच्या डॉर्मिटरीतही दिवे मालवल्यावर याच विषयावर दोन तट पडलेले. मोबाईल आणि गेम आपल्याला सुट्टीतच मिळतात, पण वाद मात्र बारा महिने चालतो. म्हणून जे समजले ते इथे नीट मांडतो आहे.

दुकान म्हणजे काय?

पूर्वी गेम सीडी किंवा डीव्हीडीवर मिळत. दुकानात जायचे, डबा विकत घ्यायचा, कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, बस. अमेरिकेतील वॉल्व्ह या कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' नावाचा प्रोग्रॅम सुरू केला. सुरुवातीला त्याचे मुख्य काम कंपनीच्या स्वतःच्या गेममध्ये सुधारणा पोहोचवण्याचे होते. हळूहळू तेच एक मोठे दुकान झाले. गेम तिथेच विकत घ्यायचा, तिथूनच डाउनलोड करायचा, मित्रांची यादी तिथेच, खेळाची प्रगतीही तिथेच साठवलेली. इतर कंपन्याही आपले गेम तिथे विकू लागल्या. भारतातल्या ग्राहकांना २०१५ पासून तिथे रुपयांत किमती दिसू लागल्या.

आज जे लोक स्टीमची बाजू घेऊन भांडतात त्यांनी एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २००४ मध्ये वॉल्व्हचा 'हाफ-लाइफ २' हा गाजलेला गेम आला, तेव्हा दुकानातून डबा विकत आणला तरी तो खेळण्यासाठी स्टीम बसवणे सक्तीचे होते. त्या वेळी इंटरनेट मंद होते आणि लोक या सक्तीवर चांगलेच संतापले होते. म्हणजे 'आमचा गेम हवा तर आमच्याच दारातून या' ही रीत नव्या दुकानांनी शोधलेली नाही. सर्वांत मोठे दुकान याच रीतीने मोठे झाले. वॉल्व्हचे स्वतःचे गेम आजही कॉम्प्युटरवर स्टीमवरच मिळतात.

२०११ मध्ये ईए या कंपनीने 'ओरिजिन' नावाचे स्वतःचे दुकान काढले आणि आपले नवे गेम स्टीमवर देणे थांबवले. 'बॅटलफील्ड ३' आणि पुढच्या वर्षीचा 'मास इफेक्ट ३' असे ओरिजिनवर गेले. तेव्हाही कुरकुर झाली. पण ईए स्वतःच्या खर्चाने केलेला गेम स्वतःच्या दुकानात ठेवत होती, त्यामुळे बहुतेकांनी ते सहन केले. खरा भडका उडाला तो डिसेंबर २०१८ नंतर.

अडत

हा भाग समजायला मला दादापेक्षा आमच्या आजोबांचा जास्त उपयोग झाला. पन्हाळा तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे. गुळाचे रवे तयार झाले की ते कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अडत्याच्या दुकानी लावतात. तिथे सौदा होतो, व्यापारी बोली लावतात आणि शेवटी आजोबांच्या हाती पट्टी येते. पट्टीवर वर एकूण रक्कम असते आणि खाली हमाली, तोलाई वगैरे वजा केलेले असते. आजोबा वरचा आकडा कधी वाचतच नाहीत. ते थेट शेवटची ओळ बघतात.

गेम तयार करणाऱ्यालाही अशीच पट्टी मिळते. स्टीम आपल्या दुकानात विकलेल्या मालावर ३० टक्के ठेवून घेते. हा दर बरीच वर्षे सगळीकडे रूढच होता. नोव्हेंबर २०१८ च्या शेवटी वॉल्व्हने जाहीर केले की एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली तर त्यापुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरच्या पुढे गेली तर २० टक्के घेऊ. म्हणजे सवलत फक्त मोठ्यांना. अण्णासारख्याला ३० टक्केच.

त्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २०१८ मध्ये, एपिक गेम्स या कंपनीने आपले दुकान उघडले. 'फोर्टनाइट' तयार करणारी हीच ती कंपनी. तिने दर सांगितला सरसकट १२ टक्के. एपिककडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे 'अनरिअल इंजिन'. गेम तयार करण्याचे हे एक साधन आहे आणि ते वापरणाऱ्याला ठरावीक विक्रीनंतर ५ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे लागते. गेम एपिकच्या दुकानात विकला तर हे शुल्क माफ.

हिशेब करून पाहू. कर बाजूला ठेवू आणि गेमची किंमत १००० रुपये धरू. गेम अनरिअलवर केला असेल आणि शुल्क लागू झाले असेल, तर स्टीमवर ३०० रुपये दुकानाचे, ५० रुपये इंजिनचे आणि ६५० रुपये करणाऱ्याचे. एपिकवर १२० रुपये दुकानाचे आणि ८८० रुपये करणाऱ्याचे. दर प्रतीमागे २३० रुपयांचा फरक. तीन जणांनी दोन वर्षे रात्री जागून केलेल्या गेमसाठी हा फरक म्हणजे पुढचा गेम करता येणे किंवा न येणे एवढा मोठा आहे.

उचल

पण दर कमी केला म्हणून गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाइकाला अडतीशी काय देणेघेणे? त्याचे सगळे गेम, सगळे मित्र आधीच स्टीमवर. त्याला नव्या दुकानात आणायचे तर तिथे असे काही हवे जे दुसरीकडे मिळतच नाही. म्हणून एपिकने दोन उपाय केले. एक, ठरावीक काळाने गेम फुकट वाटायचे. दुसरा, गेम तयार करणाऱ्यांना आधीच पैशांची हमी देऊन त्यांचा गेम काही काळ फक्त आपल्याकडे ठेवायचा. यालाच खेळणारे 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात.

आमच्याकडे याला साधा शब्द आहे, उचल. हंगामाच्या आधी आजोबा अडत्याकडून उचल घेतात. त्यातून काहिलीची दुरुस्ती होते, गुळव्याला आणि मजुरांना आगाऊ पैसे देता येतात. उचल घेतली की त्या हंगामाचा गूळ त्याच अडत्याच्या दुकानी लावायचा. दुसऱ्या दुकानात भाव जास्त मिळाला तरी तिकडे न्यायचा नाही. यात आजोबांना कोणी लुबाडत नाही. पाऊस गेला, भाव पडला, तरी हंगामापुरते घर चालेल एवढी खात्री त्यांना मिळते. त्या खात्रीची किंमत म्हणजे दुकान निवडण्याचे स्वातंत्र्य.

एपिकची उचल किती मोठी होती हे पुढे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल यांच्यातल्या अमेरिकेतील खटल्यात बाहेर आले. 'बॉर्डरलँड्स ३' हा गेम सप्टेंबर २०१९ मध्ये कॉम्प्युटरवर फक्त एपिकच्या दुकानात आला आणि सहा महिन्यांनी स्टीमवर. या गेमसह झालेला एकूण करार ११ कोटी ५० लाख डॉलरचा होता, त्यातली ८ कोटी डॉलर ही विक्रीची हमी. २०२० या एकाच वर्षासाठी एपिकने वेगवेगळ्या गेमना मिळून ४४ कोटी ४० लाख डॉलरची हमी दिली होती. फुकट वाटलेल्या गेमवर पहिल्या नऊ महिन्यांत १ कोटी १६ लाख डॉलर खर्च झाले. एवढा पैसा आला कुठून? मुख्यतः फोर्टनाइटमधून.

मग राग कशाचा?

माझा दादाला पहिला प्रश्न हाच होता. प्लेस्टेशनवरचा एखादा गेम दुसरीकडे मिळत नसेल तर हजारो रुपयांचे नवे यंत्र घ्यावे लागते. इथे तर दुसरे दुकान त्याच कॉम्प्युटरवर फुकट बसवता येते. मग एवढे चिडायचे कशाला?

दादाने तीन कारणे सांगितली आणि तिन्ही मला पटण्यासारखी वाटली.

पहिले कारण, दुकान कच्चे होते. सुरुवातीला एपिककडे खेळणाऱ्यांची मते वाचायची सोय नव्हती. खेळाची प्रगती ऑनलाइन साठवण्याची सोय २०१९ च्या मध्यापर्यंत नव्हती. एकाच वेळी चार गेम घेण्यासाठी लागणारी साधी खरेदीची टोपलीसुद्धा डिसेंबर २०२१ मध्ये आली. स्पर्धा करायची तर दुकान चांगले करून करा, माल अडवून काय करता, असे त्याचे म्हणणे.

दुसरे कारण, कमी अडतीचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत फारसा आला नाही. 'मेट्रो एक्सोडस' अमेरिकेत ६० ऐवजी ५० डॉलरला आला खरा, पण 'बॉर्डरलँड्स ३' ची किंमत ६० डॉलरच राहिली. वाचलेले पैसे करणाऱ्याकडे आणि प्रकाशकाकडे गेले. त्यात गैर काही नाही, पण 'हे सगळे खेळणाऱ्यांच्या भल्यासाठी' असे सांगणे खरे नव्हे.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते सांगताना दादाचा आवाज बदलला. ते म्हणजे दिलेला शब्द मोडणे.

'मेट्रो एक्सोडस' स्टीमवर बरेच दिवस आगाऊ विक्रीला होता. १५ फेब्रुवारी २०१९ ही प्रकाशनाची तारीख. २८ जानेवारीला, म्हणजे अठराच दिवस आधी, जाहीर झाले की गेम वर्षभर फक्त एपिकवर मिळेल. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना गेम स्टीमवरच मिळाला, पण थांबून बसलेल्यांना दार बंद. स्वतः वॉल्व्हने स्टीमच्या पानावर लिहिले की इतका काळ आगाऊ विक्री केल्यावर असे करणे ग्राहकांवर अन्यायकारक आहे. चिडलेल्या लोकांनी त्याच मालिकेतल्या जुन्या गेमना वाईट शेरे देण्याचा सपाटा लावला.

'शेनमू ३' चे प्रकरण याहून वाईट. २०१५ मध्ये जवळजवळ ७० हजार लोकांनी किकस्टार्टरवर वर्गणी काढून ६० लाखांहून अधिक डॉलर उभे केले, कारण हा गेम व्हावा अशी त्यांची इच्छा होती. त्यांना स्टीमवर प्रत मिळेल असे सांगितले होते. चार वर्षे थांबल्यावर जून २०१९ मध्ये कळले की गेम आधी फक्त एपिकवर येणार. खूप आरडाओरड झाली, तेव्हा पैसे परत देण्याचा किंवा वर्षानंतर स्टीमची प्रत देण्याचा पर्याय पुढे आला. वर्गणीतून झालेला गेम पुढे एक्सक्लुझिव्ह झाला तर परताव्याचा खर्च आपण उचलू, असे एपिकलाही जाहीर करावे लागले. 'फिनिक्स पॉइंट' या दुसऱ्या एका वर्गणीच्या गेमने मात्र मार्च २०१९ मध्ये अशीच घोषणा करताना पैसे परत देण्याची तयारी सुरुवातीलाच दाखवली होती. लोक तिथेही चिडले, पण निदान दार उघडे होते.

इथे गुळाचे उदाहरण अपुरे पडते हे मला समजले. आजोबांनी उचल घेतली तर नुकसान झालेच तर त्यांचे स्वतःचे. पण एखाद्या शेजाऱ्याकडून गणपतीसाठी दोन रवे देतो म्हणून आधीच पैसे घेतले असतील आणि नंतर सगळाच गूळ अडत्याला बांधून दिला, तर ते उचल घेणे नव्हे, ती फसवणूक. उचल घेण्याआधी शेजाऱ्याचे देणे फेडले पाहिजे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण अण्णाने मला तीही दाखवली. 'ऊब्लेट्स' नावाचा एक गोंडस छोटा गेम अमेरिकेतील दोघे जण मिळून करत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केले की गेम एपिकवर येईल, कारण सगळ्या दुकानांत मिळून जेवढी कमाई अपेक्षित होती तेवढ्याची हमी एपिकने दिली आहे. घोषणेचा सूर थोडा थट्टेचा होता. त्यावर त्या दोघांवर हजारो शिव्यांचा आणि धमक्यांचा वर्षाव झाला. त्यांनी कोणाचा शब्द मोडला नव्हता. फक्त आपला माल कुठे विकायचा हे ठरवले होते. दुकान आवडले नाही तर तिथे जाऊ नये, पण त्यासाठी दोन माणसांच्या घरावर तुटून पडणे कोणत्या शिस्तीत बसते? आपल्या डॉर्मिटरीत जे मित्र या वादात आवाज चढवतात त्यांनी याचा विचार करावा.

पुण्याची राजी

हा वाद अमेरिका-युरोपातलाच आहे असे मला वाटत होते. पण अण्णाने पुण्याचे उदाहरण दिले.

पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' नावाचा गेम तयार केला. (नावातल्या 'एपिक'चा दुकानाशी संबंध नाही, त्याचा अर्थ महाकाव्य. गेम मात्र अनरिअल इंजिनवर केलेला आहे.) राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि असुरांशी लढते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर मदत मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टरचा नियमच असा की रक्कम पुरी झाली नाही तर काहीच हातात येत नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही.

१८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आला, पण आधी फक्त निन्टेन्डो स्विच या यंत्रावर. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो १५ ऑक्टोबरला आला. म्हणजे साधारण दोन महिन्यांचा एक्सक्लुझिव्ह. गंमत अशी की निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृतपणे विकलेच गेलेले नव्हते. पुण्यात तयार झालेली, आपल्या देवदेवतांची गोष्ट सांगणारी राजी आधी परदेशातल्या मुलांना भेटली आणि आपल्याकडच्या बहुतेकांना नंतर. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक सोहळ्यात पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी तिला नामांकन मिळाले.

दादाला मी विचारले, "या दोन महिन्यांसाठी पुण्याच्या कंपनीला तू शिव्या दिल्या असत्यास का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही. दोन महिने थांबलो असतो." अण्णा हसला. म्हणजे प्रश्न एक्सक्लुझिव्ह असण्याचा नाही. तो किती काळाचा आहे आणि कोणाला काय सांगून झालेला आहे, याचा आहे.

या भांडणातून निघाले काय?

एप्रिल २०१९ मध्ये एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी जाहीरपणे सांगितले होते की स्टीमने सर्व करणाऱ्यांना कायमचा ८८ टक्के वाटा दिला तर आपण एक्सक्लुझिव्ह करार थांबवू. स्टीमने तसे केले नाही. छोट्यांसाठी स्टीमचा दर आजही ३० टक्के आहे. पण मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी आपला दर १२ टक्क्यांवर आणला. म्हणजे दगड अगदीच पाण्यात गेला नाही.

उलट बाजूला, दूर गेलेले बरेच जण स्टीमवर परत आले. ईए २०१९ च्या शेवटी परतली. पुण्यातही स्टुडिओ असलेल्या युबिसॉफ्टने २०१९ मध्ये 'द डिव्हिजन २' स्टीमला न देता एपिककडे नेला होता, पण २०२२ च्या शेवटी तीही स्टीमकडे वळली. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे माल न्यावाच लागतो.

एपिकनेही रीत बदलली. इतरांनी जवळजवळ पूर्ण केलेले गेम शेवटच्या क्षणी उचलण्याऐवजी काही गेमना सुरुवातीपासून पैसा पुरवायला तिने सुरुवात केली. ऑक्टोबर २०२३ मधला 'अॅलन वेक २' असाच एपिकच्या पैशातून झाला आणि कॉम्प्युटरवर तिच्याच दुकानात राहिला. दुसऱ्या एका योजनेत सहा महिने गेम फक्त एपिककडे ठेवणाऱ्याला त्या काळातील विक्रीची सगळी रक्कम मिळते. जून २०२५ पासून तर दर वर्षी प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरवर एपिक काहीच कापून घेत नाही, मग गेम एक्सक्लुझिव्ह असो वा नसो. अण्णासारख्यांसाठी ही खरी सुधारणा आहे, आणि दुकाने आपसात भांडली नसती तर ती झाली नसती असे मला वाटते.

तीन प्रश्न

एवढे सगळे ऐकल्यावर मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले. पुढच्या वेळी 'हा गेम फक्त अमुक दुकानात' अशी बातमी आली की लगेच बाजू घेण्याआधी ते विचारायचे.

एक, गेम कोणाच्या पैशातून झाला? दुकानाने सुरुवातीपासून खर्च केला असेल तर तो गेम त्याच्या दुकानात असणे साहजिक आहे. लोकांच्या वर्गणीतून झाला असेल तर पहिला हक्क वर्गणी देणाऱ्यांचा.

दोन, आधी कोणाला काय शब्द दिला होता? काहीच सांगितले नसेल तर कोणाची फसवणूक नाही. सांगितले असेल तर तो शब्द पाळणे किंवा पैसे परत देणे, यांशिवाय तिसरा मार्ग नाही.

तीन, किती काळ? दोन महिने आणि कायमचे, यांत फरक आहे. थांबणे हे खेळणाऱ्याचेही हत्यार आहे. जो थांबतो त्याला बहुधा सुधारलेला गेम कमी किमतीत मिळतो.

या तीन प्रश्नांवर तपासले तर 'बॉर्डरलँड्स ३' वर एवढे चिडण्याचे कारण नव्हते, 'ऊब्लेट्स'ला शिव्या देणे चूक होते, आणि 'शेनमू ३' च्या वर्गणीदारांचा राग शंभर टक्के बरोबर होता. दादा यातल्या पहिल्या निकालाशी अजून सहमत नाही. तेही चालेल.

आता अण्णाचे काय झाले ते सांगून थांबतो. त्याच्या गेमसाठी शंभरेक लोकांनी आधीच थोडे थोडे पैसे दिले होते आणि प्रत कोणत्या दुकानात मिळेल हे अण्णाने त्यांना लिहून कळवले होते. दुसऱ्या प्रश्नावर तो इथेच अडकत होता. माझी सुट्टी संपायच्या आदल्या रात्री दादा स्वतः लॅपटॉप घेऊन त्याच्या शेजारी बसला आणि दोघांनी मिळून त्या लोकांना पत्र लिहिले. असा प्रस्ताव आला आहे, पैशांची गरज आहे, तुम्हाला मान्य नसेल तर पैसे परत देतो, मान्य असेल तर मुदत संपल्यावर ठरलेल्या दुकानातली प्रत नक्की देतो. पत्र आधी गेले. सही नंतर, असे दोघांचे ठरले.

मागच्या रविवारी घरी फोन केला तेव्हा दादाही लाइनवर होता. पंधरा-वीस जणांनी पैसे परत मागितले आणि अण्णाने ते दिले. दोघा-तिघांनी वाईट शब्द वापरले. बाकीचे थांबायला तयार झाले. अण्णाने दुकानाकडे वर्षाऐवजी सहा महिने मागितले, ते मान्य झाले. हमीची रक्कम थोडी कमी झाली.

मी दादाला विचारले, "मग तू पहिल्या दिवशी घेणार ना गेम?"

"छे! मी सहा महिने थांबणार," दादा म्हणाला.

मागून अण्णाचा आवाज आला, "थांब की. फक्त भांडी तेवढी घासत जा."